एकट्या प्रवाशाची सागरसफर

पर्यटन कंपन्यांच्या जाहिरातींत क्रूझचे चित्र ठरलेले असते. डेकच्या कठड्याला रेलून सूर्यास्त पाहणारे जोडपे, नाहीतर पोहण्याच्या तलावात उड्या मारणारी मुले आणि शेजारी आरामखुर्चीत पहुडलेले त्यांचे आईवडील. एकटा माणूस त्या चित्रात कुठेच नसतो. त्यामुळे ज्यांचा जोडीदार आता हयात नाही, जे अविवाहित राहिले किंवा ज्यांच्या घरच्यांना समुद्राचे नावही नको असते, अशा कित्येकांनी 'सोबत कोण?' या एका प्रश्नावर हा बेत वर्षानुवर्षे पुढे ढकललेला असतो. निवृत्तीनंतर हातात वेळ असतो, गाठीला थोडे पैसे असतात, प्रकृतीही साथ देत असते. नसतो तो फक्त सोबती. वस्तुस्थिती अशी की, क्रूझ ही एकट्याने करण्याजोगी सफर आहे. किंबहुना रोज गाव बदलणाऱ्या, रोज सामान बांधायला लावणाऱ्या सहलींपेक्षा ती एकट्याला अधिक मानवते. अडचण आहे ती पैशांच्या हिशेबाची. जहाजावरचा सारा हिशेब दोघांना धरून मांडलेला असतो, आणि तो आधी समजून घेतला नाही तर प्रवास सुरू होण्यापूर्वीच मनस्ताप होतो.

जाहिरातीत छापलेले भाडे 'प्रतिव्यक्ती' असते खरे, पण त्यामागे एक अट दडलेली असते. एका केबिनमध्ये दोन माणसे राहतील असे गृहीत धरून तो आकडा काढलेला असतो. समजा, भाडे प्रतिव्यक्ती ६० हजार रुपये आहे. म्हणजे कंपनीला त्या केबिनमधून १ लाख २० हजार रुपये हवे आहेत. एकटा प्रवासी आला तर ती दुसऱ्याच्या वाट्याची रक्कमही त्याच्याकडूनच मागते. याला 'सिंगल सप्लिमेंट' म्हणतात. काही वेळा ते दुसऱ्या माणसाच्या भाड्याइतके, म्हणजे पूर्ण शंभर टक्के असते. काही वेळा पन्नास किंवा पंचवीस टक्क्यांवर येते. बंदराचे कर आणि रोजची टिप मात्र बहुतेक ठिकाणी माणशी आकारली जाते, त्यामुळे एकूण बिल अगदी दुप्पट होत नाही. पण दुपटीच्या जवळ जाते, हे खरे.

हा अन्याय वाटतो आणि एका अर्थाने तो आहेही. जोडीदार गमावलेल्या माणसाला त्या रिकाम्या खाटेचे भाडे भरताना काय वाटत असेल, याचा विचार दरपत्रक तयार करणारे करीत नाहीत. तरीही त्यामागचे गणित पाहण्यासारखे आहे. क्रूझ कंपनीची कमाई केवळ तिकिटावर होत नाही. मद्य, कॅसिनो, मालिश, दुकाने, किनाऱ्यावरच्या सहली यांतून तिला मोठा नफा मिळतो. केबिनमध्ये दोन माणसे असतील तर हा खर्च करणारे हातही दोन असतात. या धंद्यात जहाज 'शंभर टक्के भरले' असे म्हणतात, तेव्हा प्रत्येक केबिनमागे दोन माणसे मोजलेली असतात. त्यामुळेच मुले घेऊन आलेल्या कुटुंबांनी भरलेले जहाज कागदावर शंभर टक्क्यांच्याही वर जाते. या हिशेबात एकटा प्रवासी म्हणजे निम्मी रिकामी केबिन.

पूर्वी असे नव्हते. बॅलार्ड पिअरवरून विलायतेला जाणाऱ्या बोटींच्या काळात समुद्रप्रवास ही चैन नव्हती, गरज होती. नोकरीवर रुजू होणारे अधिकारी, व्यापारी, शिकायला जाणारी मुले अशी एकेकटी माणसे बोटीवर पुष्कळ असत. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा पती त्यांच्यासोबत नव्हते. आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या बोटींत तर केबिनचा प्रश्न फारच थोड्यांना पडे. भाऊच्या धक्क्यावर तिकीट माणशी मिळायचे आणि डेकवर वळकटी पसरली की झाली जागा. १९६९ मध्ये सेवेत आलेल्या 'क्वीन एलिझाबेथ २' या प्रसिद्ध ब्रिटिश जहाजावरही एकट्यासाठीच्या केबिन मोठ्या संख्येने होत्या. पुढे विमानांनी लांबचा प्रवासी पळवला आणि जहाजे सुटी घालवण्याची जागा झाली. सुटी म्हणजे जोडपी आणि कुटुंबे. शिवाय नव्या जहाजांच्या केबिन कारखान्यात एकसारख्या साच्यात तयार करून सांगाड्यात बसवल्या जाऊ लागल्या. एकाच मापाच्या, दोन खाटांच्या. त्या साच्यात एकटा माणूस बसेना.

हे चित्र बदलायला सुरुवात झाली ती २०१० मध्ये. त्या वर्षी आलेल्या 'नॉर्वेजियन एपिक' या जहाजावर एकट्या प्रवाशांसाठी १२८ 'स्टुडिओ' केबिन ठेवण्यात आल्या. आकार जेमतेम शंभर चौरस फूट, खिडकी समुद्राकडे नव्हे तर मार्गिकेकडे उघडणारी. पण भाडे एकाचेच आणि या प्रवाशांसाठी स्वतंत्र बैठकीची खोली. चहा-कॉफी घ्यायला तिथे जावे आणि ओळखी व्हाव्यात, अशी ही योजना. ती लोकांना आवडली. मग इतरांनीही अनुकरण केले. 'क्वीन मेरी २' या जहाजावर २०१६ च्या नूतनीकरणात एकट्यांसाठी १५ केबिन नव्याने बांधण्यात आल्या. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी सफरी काढणाऱ्या 'सागा' या ब्रिटिश कंपनीने २०१९ मध्ये 'स्पिरिट ऑफ डिस्कव्हरी' हे जहाज आणले, त्यावरच्या ५५४ पैकी १०९ केबिन एकट्यांसाठी आहेत, आणि त्याही बाल्कनीसह. उतारवयातली किती माणसे एकेकटी प्रवास करू इच्छितात, हे या आकड्यावरून कळावे.

आपल्या किनाऱ्यावरही एक प्रयोग होऊन गेला. २०१८ मध्ये सुरू झालेल्या मुंबई-गोवा 'आंग्रिया' जहाजावर केबिनखेरीज आगगाडीसारखे बर्थही होते. एकट्याने यावे, एका बर्थचे पैसे द्यावेत, सकाळी गोव्याला उतरावे. २०२० नंतर मात्र ती सेवा चालली नाही. एकट्या प्रवाशाच्या दृष्टीने तो तोटाच म्हणायचा.

एकट्यांच्या केबिन संख्येने थोड्या, त्यामुळे त्या लवकर संपतात. सात-आठ महिने आधी आरक्षण करणे उत्तम. पण 'सोलो' असे नाव दिसले म्हणून डोळे मिटून पैसे भरू नयेत. कधी कधी खिडकी नसलेली साधी दोघांची केबिन पूर्ण सप्लिमेंट भरूनही स्वस्त पडते आणि जागाही अधिक मिळते. दोन्ही आकडे एजंटाकडून लेखी मागवावेत. त्यात कर, टिप आणि सप्लिमेंट वेगवेगळे दाखवायला सांगावे. केबिनचा क्रमांक कंपनीने ठरवायचा अशी 'गॅरंटी' पद्धतीची केबिन घेतली तरी पैसे वाचतात; मात्र मग ती नाचगाण्याच्या सभागृहाखाली आली तर तक्रारीला जागा नसते. आणखी एक जागा शोधण्यासारखी आहे. उन्हाळा संपला की भूमध्य समुद्रातली जहाजे अटलांटिक ओलांडून कॅरिबियनकडे जातात आणि वसंतात परत येतात. या एकेरी प्रवासात मुलाबाळांची कुटुंबे फारशी नसतात, समुद्रावरचे दिवस ओळीने येतात आणि सप्लिमेंट बरेचदा कमी असते. अर्थात, परतीच्या विमानाचा खर्च त्यात धरायलाच हवा.

आपल्याकडच्या सहल कंपन्यांचा मार्ग वेगळा आहे. समूहातल्या दुसऱ्या एकट्या प्रवाशाबरोबर, स्त्री असेल तर स्त्रीबरोबरच, केबिन वाटून देण्याची सोय त्या करतात. पैसे वाचतात हे खरे. पण हॉटेलची खोली वाटून घेणे वेगळे आणि जहाजाची केबिन वेगळी. दोन खाटांमध्ये जेमतेम पाऊल मावेल एवढी जागा, एकच चिंचोळे न्हाणीघर आणि समोरच्याचे घोरणे. ज्यांची झोप सावध आहे, त्यांनी थोडा काटकसरीचा मार्ग निवडून लहानशी का होईना, स्वतःची केबिन घ्यावी, असे माझे मत आहे.

कोणती सफर निवडावी, याविषयी एक गैरसमज दिसतो. पहिलीच वेळ आहे तर दोन रात्रींची छोटी सफर करून पाहू, असे बहुतेकांना वाटते. २०२१ पासून 'कॉर्डेलिया' कंपनीच्या 'एम्प्रेस' या जहाजाने मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपच्या सफरी सुरू केल्या. बोट लागते की नाही, केबिनमध्ये जीव गुदमरतो की नाही, हे पाहण्यासाठी अशी छोटी सफर उपयोगी आहे. पारपत्राशिवाय करता येते, हा आणखी एक फायदा. पण शनिवार-रविवारच्या सफरींवर मित्रांचे घोळके, कार्यालयांच्या सहली आणि वाढदिवस साजरे करणारी कुटुंबे अधिक. दोन रात्रींत कोणाशी ओळख होत नाही आणि गोंगाटात एकांतही मिळत नाही. तिथे एकटे वाटले म्हणून क्रूझ आपल्यासाठी नाही, असा निष्कर्ष काढू नये. एकट्या माणसाला सात रात्री किंवा त्याहून अधिक दिवसांची, मधे दोन-तीन दिवस नुसता समुद्र असलेली सफर रुचते. तिसऱ्या दिवसापर्यंत चेहरे ओळखीचे होतात. सकाळी डेकवर फेऱ्या मारणारे, ग्रंथालयात त्याच खुर्चीत बसणारे, दुपारी पत्ते मांडणारे असे लहानसे गाव तयार होते आणि त्या गावात एकट्या माणसाचीही एक जागा ठरते.

सर्वांत अवघड प्रसंग असतो तो रात्रीच्या जेवणाचा. सकाळच्या बुफेत ताट घेऊन कोणीही कुठेही बसते. रात्री मात्र भरगच्च भोजनगृहाच्या दाराशी उभे राहून 'एकच' असे सांगताना अनेकांना संकोच होतो. आपल्याकडे एकट्याने हॉटेलात जेवण्याची, त्यातून स्त्रीने जेवण्याची, अजूनही फारशी सवय नाही. यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे ठरावीक वेळेची, ठरावीक टेबलाची पद्धत. आरक्षण करतानाच सहा किंवा आठ जणांचे टेबल मागून घ्यावे. रोज तीच माणसे, तोच वाढपी. पहिल्या रात्री हवामानावर बोलणे होते, तिसऱ्या रात्री नातवंडांची छायाचित्रे निघतात. टेबल जमले नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळीच भोजनगृहाच्या व्यवस्थापकाला गाठून बदलून मागावे. यात गैर काही नाही, त्याला या विनंतीची सवय असते. हल्ली 'केव्हाही या' अशी मुक्त पद्धत लोकप्रिय आहे. तिथेही 'इतरांबरोबर बसायला आवडेल' असे सांगता येते. शाकाहारी, आणि विशेषतः जैन जेवण हवे असेल, तर ते आरक्षणाच्या वेळीच नोंदवावे लागते.

मोठ्या जहाजांवर पहिल्या-दुसऱ्या दिवशी एकट्या प्रवाशांचा मेळावा ठेवलेला असतो. रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत बारीक अक्षरात त्याची वेळ दिलेली असते. संकोच बाजूला ठेवून या एका मेळाव्याला जावेच. पुढच्या बंदरावर टॅक्सी वाटून घ्यायला माणसे इथेच मिळतात. कुनार्डच्या जहाजांवर तर एकट्या स्त्रियांबरोबर बॉलरूम नृत्य करण्यासाठी कंपनीनेच नेमलेले सभ्य गृहस्थ असतात. आपल्या वाचकांना याची गंमत वाटेल, पण तिथे ती फार जुनी आणि काटेकोर नियमांची प्रथा आहे.

आणखी एक सोबत अनपेक्षितपणे भेटते. जगातल्या अनेक क्रूझ जहाजांवर गोव्याचे आणि मुंबईचे कर्मचारी असतात. बोटीवर नोकरी करण्याची गोव्यातल्या घराघरांतली परंपरा पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. अलास्काच्या थंडीत कोणी कोकणीत किंवा मराठीत 'जेवलात का?' असे विचारले की परकेपणा गळून पडतो. सहा-सहा, नऊ-नऊ महिने ही माणसेही घरापासून दूर असतात. दोन शब्द आपुलकीने बोलावेत. मात्र त्यांच्या डोक्यावर कामाचे तास असतात, हे विसरून त्यांना गप्पांत अडकवू नये.

बंदरावर उतरताना मात्र एकट्याने जरा हिशेबाने वागावे. काही बंदरे पायी हिंडण्याजोगी असतात. माँटेनेग्रोतल्या कोटोरला जहाजातून उतरले की समोरच जुन्या शहराची तटबंदी दिसते. अलास्कातले जुनो गावही धक्क्याला लागूनच आहे. याउलट रोमचे बंदर म्हणून जे दाखवले जाते ते चिव्हिताव्हेक्या रोमपासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. जिथे शहर जवळ आहे तिथे एकट्याने मनसोक्त भटकावे. जिथे ते दूर आहे तिथे जहाजाच्या सहलीचे पैसे भरावेत. कारण साधे आहे. कंपनीची बस उशिरा परतली तर जहाज थांबते, स्वतःहून गेलेल्या प्रवाशासाठी ते थांबत नाही. दोघे मागे राहिले तर एक जण चौकशी करतो, दुसरा सामान सांभाळतो. एकट्याला दोन्ही कामे करायची असतात, आणि तीही केबिनमधले सामान समुद्रावर निघून गेलेले असताना. म्हणून बंदराच्या एजंटाचा दूरध्वनी क्रमांक कार्यक्रमपत्रिकेवरून उतरवून घ्यावा आणि घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवावे. जहाजाची वेळ आणि गावाची वेळ कधी कधी एक तासाने वेगळी असते.

एकट्या स्त्रीने जावे का, हा प्रश्न हमखास येतो. जहाजावर सर्वत्र कॅमेरे असतात आणि बाहेरचा माणूस आत येऊ शकत नाही, त्यामुळे अनोळखी शहरातल्या हॉटेलापेक्षा तिथे निर्धास्त वाटते. अमेरिकेने २०१० मध्ये केलेल्या कायद्यानुसार तिथल्या बंदरांतून प्रवासी नेणाऱ्या जहाजांवर केबिनच्या दाराला बाहेरचे पाहण्याचे भिंग आणि डेकचा कठडा किमान ४२ इंच उंच असणे बंधनकारक झाले. असा कायदा करावा लागला, यातच जहाजावरही गुन्हे घडतात याची कबुली आहे. केबिनचा क्रमांक कोणाला सांगू नये, पेय स्वतःच्या डोळ्यांदेखत भरून घ्यावे आणि आतली कडी लावावी. एवढी काळजी पुरेशी ठरते. निघण्यापूर्वीची सुरक्षा कवायत टाळू नये. २०१२ मध्ये 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळले, तेव्हा नव्याने चढलेल्या अनेक प्रवाशांची कवायत झालीच नव्हती. १ जानेवारी २०१५ पासून जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी ती घेणे सक्तीचे आहे. आपले जमण्याचे ठिकाण कुठले, हे एकट्याला ऐनवेळी सांगायला शेजारी कोणी नसते.

आजारपणाचा विचार मात्र सर्वांत गंभीरपणे करायला हवा. जहाजावर डॉक्टर असतो, पण तो फुकट नसतो. त्याचे बिल डॉलरमध्ये येते. प्रकृती अधिक बिघडली तर रुग्णाला पुढच्या बंदरावर उतरवतात आणि जहाज पुढे जाते. परक्या गावातल्या रुग्णालयात सोबत कोणी नाही, ही शक्यता गृहीत धरूनच विमा घ्यावा. त्यात आणीबाणीत हलवण्याचा खर्च समाविष्ट आहे ना, आणि मधुमेह, रक्तदाब यांसारखे आधीचे आजार वगळलेले नाहीत ना, हे वाचून पाहावे. रोजची औषधे खांद्यावरच्या पिशवीत असावीत, कारण धक्क्यावर दिलेल्या मोठ्या बॅगा केबिनमध्ये पोहोचायला संध्याकाळ होते. आजार, औषधे आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला इंग्रजीतला कागद केबिनच्या टेबलावर दिसेल असा ठेवावा. बोट लागण्याची भीती असेल तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागाजवळची केबिन मागावी. तिथे हेलकावे कमी जाणवतात, आणि अशा केबिन बहुधा स्वस्तही असतात.

राहिला प्रश्न कागदपत्रांचा. क्रूझवर भारतीय पारपत्रधारकाची सर्वाधिक फसगत इथे होते. जहाज एका देशाची हद्द सोडून परत तिथेच आले तर तो नवा प्रवेश मोजला जातो. सिंगापूरहून मलेशियाला जाऊन सिंगापूरलाच परतणाऱ्या सफरीसाठी दुसऱ्यांदा प्रवेशाची मुभा असलेला व्हिसा लागतो. ग्रीसमधून निघून तुर्कस्तानला जाऊन परतायचे असेल तर शेंगेन व्हिसाही एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. अमेरिकेतल्या सिएटलहून निघणारी अलास्काची जहाजे मधे कॅनडाच्या बंदराला लागतात, कारण परदेशी नोंदणीच्या जहाजाने केवळ अमेरिकी बंदरांच्या दरम्यान अशी फेरी करण्यास १८८६ च्या कायद्याने मनाई आहे. तेव्हा दोन्ही देशांचे व्हिसा हवेत, आणि परतीच्या प्रवेशासाठी अमेरिकेचा तर एकाहून अधिक प्रवेशांचाच. 'आम्ही उतरणारच नाही' हे कारण धक्क्यावर चालत नाही. व्हिसा अपुरा असेल तर प्रवाशाला जहाजावर चढू देत नाहीत आणि भाडेही परत मिळत नाही. एजंटाने तोंडी दिलेल्या आश्वासनावर विसंबू नये. प्रत्येक बंदराचे नाव घेऊन क्रूझ कंपनीकडून लेखी उत्तर मागवावे, आणि त्या उत्तराची, पारपत्राची, व्हिशाची आणि विम्याची एकेक झेरॉक्स प्रत घरी कोणाकडे तरी ठेवून मगच निघावे.